शालनबाईंचा चिकटांक

गुरुवार उजाडला की पावणेआठला पुण्याहून फोन येणार, हे शालनबाई आता धरूनच चालत. त्या मैदानावरून परतल्या होत्या, बुटांची धूळ दाराबाहेर झटकून झाली होती, पोहे खाऊन झाले होते आणि छोटी पांढरी गोळी पाण्याच्या घोटाबरोबर नुकतीच घशाखाली गेली होती. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, गोळी घेतलीस?" रेवतीने विचारलं.

"आत्ताच घेतली."

"आणि काल?"

"कालही घेतली. परवाही घेतली."

"मग सत्तावन्न कसा काय आलाय?"

शालनबाईंनी आपल्या डाव्या दंडाकडे पाहिलं. शर्टाच्या बटणाएवढी एक राखाडी चकती तिथे चिकटवलेली होती. "ते या चकतीला विचार," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

शालन भोसेकर चौसष्ट वर्षांच्या होत्या. धाराशिवच्या शाळेत एकतीस वर्षं क्रीडाशिक्षिका, निवृत्तीनंतरही रोज सकाळी मैदानावर मुलींना शिकवणाऱ्या, आणि बावीस वर्षं खो-खोच्या राष्ट्रीय पंच. बाईंनी हात वर केला की खेळाडू बाद, मग गॅलरीत कितीही आरडाओरडा होवो. तीन राज्यांच्या कर्णधार मुली त्यांच्याशी भांडल्या होत्या, पण बाई खोटं बोलतात असं त्यांतली एकही कधी म्हणाली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी मैदानावर मुलींना ओळीत उभं करताना बाईंची जीभ अचानक जड झाली. "सावधान" म्हणायचं होतं आणि तोंडातून भलतंच काहीतरी आलं. उजव्या हाताची बोटं सैल पडली. वीस मिनिटांत सगळं पुन्हा पूर्ववत झालं, इतकं की त्यांना दवाखान्यात जायचंही नव्हतं. त्यांचे यजमान दिगंबरराव शांत गृहस्थ, पण त्या दिवशी ते रिक्षा घेऊन थेट मैदानात घुसले. मेंदूचा छोटा झटका, डॉक्टरांनी सांगितलं. एक बारीक गुठळी रक्तवाहिनीत अडकली आणि नशिबाने विरघळली. पुढची विरघळेलच असं नाही. तेव्हापासून रोज एक ॲस्पिरिनची गोळी, अगदी कमी ताकदीची.

आणि गेल्या गणपतीपासून ही चकती.

चकतीमागचं शास्त्र तसं सोपं होतं. आपल्या रक्तात लालपांढऱ्या पेशींबरोबर बिंबिका नावाचे अतिसूक्ष्म तुकडे फिरत असतात, ज्यांना सगळे प्लेटलेट म्हणतात. कुठे कापलं, खरचटलं की त्या धावत येतात, एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. तेच त्यांचं काम. पण वय झालेल्या, आतून खडबडीत झालेल्या रक्तवाहिनीत त्यांना जखम नसतानाच जखम दिसते. त्या तिथेही चिकटतात आणि गुठळी होते. लोक सरसकट म्हणतात तसं ॲस्पिरिनने रक्त पातळ होत नाही. बिंबिकांचा चिकटपणा तेवढा कमी होतो. फार कमी झाला तर साधं खरचटलेलंही थांबत नाही, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. कमी पडला तर गुठळी. म्हणजे चालायचं ते बांधावरून, दोन्ही बाजूंना खड्डा.

चकतीच्या खालच्या अंगाला केसाहून बारीक सुया होत्या. त्या रोज सकाळी साडेसातला रक्ताचा एक कण एका सूक्ष्म नळीतून जाऊ देत आणि नळीच्या भिंतीला किती बिंबिका चिकटल्या ते मोजत. तो आकडा म्हणजे चिकटांक. तीस ते पन्नास असला तर उत्तम. पंचवीसच्या खाली रक्तस्रावाची भीती, पंचावन्नच्या वर गुठळीची. आकडा आरोग्य केंद्रात जायचा आणि घरच्या एका माणसाच्या फोनवरही. बाईंनी रेवतीचा नंबर दिला होता. एकुलती एक लेक, पुण्यात पुलांचे आराखडे करायची.

चकती देणाऱ्या सरकारी 'सजग' योजनेचा नियमही साधाच होता. सलग तीन महिने, आठवड्यातले तीन-चार दिवस आकडा पंचावन्नच्या वर राहिला की नावापुढे शेरा लागायचा: औषध टाळणारी व्यक्ती.

बाईंच्या नावापुढे तो शेरा त्याच शनिवारी लागला.

रेवती त्या रविवारी नेहमीसारखी व्हिडिओवर न येता स्वतः आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने फोनवरचा आलेख बापाच्या समोर धरला.

"बाबा, हे बघा. सोमवारी अडतीस. मंगळवारी त्रेचाळीस. मग एकोणपन्नास, सत्तावन्न, चौसष्ट, सत्तर. रविवारी चौऱ्याहत्तर. आणि पुन्हा सोमवारी अडतीस. दर आठवड्याला हेच. करवतीचे दाते जसे."

"मग?" दिगंबररावांनी विचारलं.

"मग काय! रविवारी सकाळी मी व्हिडिओवर असते, माझ्यासमोर ती गोळी घेते. त्या एका गोळीवर सोमवार-मंगळवार निघतात. रोज दहा टक्के बिंबिका नव्या तयार होतात, त्यांना गोळी माहीतच नसते. पुढचे सहा दिवस घेतली नाही तर आलेख नेमका असाच येतो. मी डॉक्टरांच्या माहितीपत्रकात वाचलंय."

"मी गोळी रोज घेते," शालनबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

दिगंबररावांनी उठून कपाटातून रिकामी पाकिटं आणली. "मी बघतो ना रोज. ही बघ, एकही गोळी शिल्लक नाही."

"बेसिनमध्ये टाकली तरी पाकीट रिकामंच होतं, बाबा."

 रेवतीला आपण काय बोललो ते कळलं, पण शब्द बाहेर पडून गेले होते.

"मी बेसिनमध्ये टाकते?" शालनबाईंचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुला असं वाटतं?"

"मला भीती वाटते, आई. त्या दिवशी बाबांचा फोन आला तेव्हा मी चांदणी चौकात गाडी बाजूला घेऊन अर्धा तास रडत होते. मला दुसरा तसा फोन नकोय. एवढी एक गोळी घ्यायला काय जातं तुझं?"

बाई आत गेल्या आणि भाकरी थापू लागल्या. आवाज जरा जास्तच येत होता.

शेऱ्याचा आणखी एक परिणाम होता. फेब्रुवारीत राज्य अजिंक्यपद स्पर्धा धाराशिवात व्हायची होती आणि महिलांच्या अंतिम सामन्यासाठी पंच म्हणून बाईंचं नाव पक्कं झालं होतं. शेरा असलेल्या माणसाला मैदानाचं आरोग्य प्रमाणपत्र मिळत नाही.

पुढच्या गुरुवारी आकडा पुन्हा सत्तावन्न आला. फोन आला नाही. रेवती रुसली होती. ते बाईंना फोनपेक्षाही जास्त लागलं. दुपारी दोनच्या सुमाराला दिगंबरराव वामकुक्षी घेत असताना त्या कपाटापाशी गेल्या. 'घेत नाही म्हणता काय? घ्या!' असं मनात म्हणत त्यांनी दिवसातली दुसरी गोळी तोंडात टाकली.

शुक्रवारी सकाळी आकडा छत्तीस होता. गेल्या तीन महिन्यांत शुक्रवारी असा आकडा कधी आला नव्हता. पण दात घासताना थुंकीत लाल रंग आला आणि छातीच्या खाली अशी जळजळ की पोह्यांचा घास उतरेना. बाई घाबरल्या. दिगंबररावांना काही न सांगता त्या चालत नव्या वस्तीतल्या आरोग्य केंद्रात गेल्या.

डॉ. यास्मिन तांबोळी वयाने रेवतीएवढ्याच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं पेन टेबलावर आपटलं.

"बाई, तुम्ही मुलींना सांगता ना, खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही? मग मी सांगितल्याशिवाय गोळी वाढवायची नाही. कमी करायची नाही, बंदही करायची नाही. नशीब, एकच घेतलीत. पोटात रक्तस्राव झाला असता तर? शौचाला काळं होतंय का?"

"नाही."

"झालं तर लगेच यायचं. दुसरं काही औषध घेता? सर्दीचं, अंगदुखीचं, काढा, चूर्ण?"

"नाही," बाई म्हणाल्या. हे उत्तर जरा पटकन आलं.

डॉक्टरांनी जळजळीसाठी औषध लिहिलं. बाई मात्र उठल्या नाहीत.

"डॉक्टर, मी गोळी रोज घेते. तुमचा विश्वास आहे?"

डॉ. यास्मिननी आलेखाकडे पाहिलं, मग बाईंकडे. "विश्वास ठेवायचाय. पण हा आलेख बघून मला ते जड जातं."

"मग साक्षीदार ठेवा. उद्यापासून रोज मी इथे येते. सिस्टरनी माझ्या जिभेवर गोळी ठेवायची, पाणी द्यायचं, तोंड उघडून बघायचं आणि अर्धा तास मला समोर बसवून ठेवायचं. दहा दिवस. रविवारसुद्धा. मग तुम्ही निकाल द्या."

डॉक्टर हसल्या. "बाई, हे तुम्हाला अपमानाचं वाटणार नाही?"

"अपमान झालाय. आता मोजणी होऊ दे."

दुसऱ्या दिवसापासून बाई मैदानावरून थेट केंद्रात येऊ लागल्या. पद्मिन सिस्टर पहिल्या दिवशी संकोचल्या. तोंड उघडा म्हणताना त्यांचंच तोंड कसनुसं झालं, कारण त्या बाईंच्याच शाळेत शिकलेल्या. चौथ्या दिवशी त्या बॅटरी घेऊन जिभेखालीही बघू लागल्या. "तुम्हीच सांगितलंय ना, नीट बघ म्हणून," त्या म्हणाल्या. बाईंना ते आवडलं.

आकडे आले. सोमवारी सदतीस. मंगळवारी बेचाळीस. बुधवारी पन्नास. गुरुवारी सकाळी सिस्टर चकतीचा आकडा वाचून डॉक्टरांच्या खोलीत धावतच गेल्या. अठ्ठावन्न. शुक्रवारी पासष्ट. शनिवारी एकाहत्तर. रविवारी बाई मैदानावर गेल्या नव्हत्या, घरून चालत आल्या, गोळी घेतली. सोमवारी सदतीस.

डॉ. यास्मिननी बाईंचं रक्त प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्रावर तपासून आणलं. चकती बरोबर मोजत होती. सिस्टरही खोटं सांगत नव्हत्या. गोळी दहाही दिवस पोटात गेली होती आणि तरी आठवड्यातले निम्मे दिवस बिंबिकांना तिचा पत्ता नव्हता.

त्याच सोमवारी त्यांनी रेवतीला स्वतः फोन केला. मंगळवारी दुपारी रेवती आली ती आरोग्य केंद्रातच. दिगंबररावांना तिने वाटेत घेतलं होतं. दारातून आत येताच ती आईच्या गळ्यात पडली.

"मी बेसिन म्हणाले. मी तुला बेसिन म्हणाले, आई!"

"अगं, मला बेसिन नाही म्हणालीस," बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. सगळे हसले. दिगंबरराव चष्मा पुसत राहिले. बाईंना वाटलं, सामना संपला, आपण जिंकलो. तीन महिन्यांचं ओझं उतरून पाठ ताठ झाली होती.

"मीही माफी मागते," डॉ. यास्मिन म्हणाल्या. "पण बाई, आपण निम्मंच शोधलंय. गोळी तुम्ही घेता हे नक्की. ती चालत का नाही? आणि गंमत अशी की ती कधीकधी चालते. रविवारची चालते. आणि त्या गुरुवारी दुपारी तुम्ही घेतलीत, तीही चाललीच. फक्त सोमवार ते शनिवार सकाळची वाया जाते." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "सोमवार ते शनिवार, उठल्यापासून गोळी घेईपर्यंत तुम्ही असं काय करता, जे रविवारी करत नाही?"

"मैदान," रेवती म्हणाली. "रविवारी मैदान नसतं."

"पळण्याने गोळी वाया जात नाही. आणखी काय, बाई?"

 खोलीत पंखा फिरत होता. लेकीचा हात अजून बाईंच्या हातात होता. त्यांना उत्तर माहीत होतं. डॉक्टरांचं 'रविवारची चालते' हे वाक्य पुरं व्हायच्या आधीच ते त्यांना कळलं होतं. तोंडातून काढलं नाही तर कोणालाही कळणार नव्हतं. आज सगळ्यांनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. उद्यापासून ती गोष्ट गुपचूप बंद केली असती, आकडा खाली आला असता, शेरा पुसला गेला असता.

पण मग डॉक्टरांना कारण कधीच कळलं नसतं.

"मी गुडघ्याची गोळी घेते," त्या म्हणाल्या. "पहाटे पाचला, चहा-बिस्किटाबरोबर. दीड वर्ष झालं. ती घेतल्याशिवाय मैदानावर वाकता येत नाही मला. दुकानातून आणते. रविवारी मैदान नसतं म्हणून घेत नाही."

रेवतीचा हात सुटला.

"मी तुम्हाला दर वेळी विचारलं, बाई," डॉ. यास्मिन हळू आवाजात म्हणाल्या.

"विचारलंत. आणि दर वेळी मी नाही म्हणाले. पंचांच्या अर्जात सांधेदुखीचं औषध चालू आहे का असं विचारतात, तिथेही 'नाही' असंच लिहिलंय. गुडघे गेले म्हटलं की मैदान गेलं. रेवा, त्या गोळीबद्दल मी खरं बोलत होते. या गोळीबद्दल नव्हते. माझा फाऊल आहे. मीच देते."

 दिगंबरराव खाकरले. "पाचला उठून चहा मीच करतो की हिला," ते म्हणाले. "आणि मला दीड वर्षात दिसलं नाही. आमच्या दोघांचा फाऊल धरा."

डॉ. यास्मिन मात्र उठून उभ्याच राहिल्या होत्या. रागवावं की टाळी द्यावी हे त्यांना कळेना. "नाव काय गोळीचं? आयब्युप्रोफेन आहे का त्यात?"

बाईंनी पर्समधून पाकीट काढलं. होतं.

"हे बघा." डॉक्टरांनी रिकामी खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवली. "प्रत्येक बिंबिकेत एक खुर्ची असते असं समजा. त्या खुर्चीवरून चिकटण्याचा हुकूम सुटतो. ॲस्पिरिन येते, खुर्चीत बसते आणि खुर्चीच मोडून टाकते. ती बिंबिका जगेल तितके आठ-दहा दिवस हुकूम बंद. पण ॲस्पिरिनला रक्तात वेळ फार थोडा मिळतो, तासाभरात ती जवळजवळ संपते. तुमची गुडघ्याची गोळी पाचला जाऊन त्याच खुर्चीत बसते. मोडत नाही, नुसती बसून राहते. साडेसातला ॲस्पिरिन येते, बघते तर जागा अडलेली. तिची वेळ संपते, ती जाते. दुपारी गुडघ्याची गोळी उठून चालती होते. खुर्ची शाबूत, हुकूम चालू."

"म्हणजे," बाई सावकाश म्हणाल्या, "माझ्या खेळाडूला चौकात बसायला जागाच मिळाली नाही. आणि सगळे म्हणाले, ती मैदानावर आलीच नव्हती."

"अगदी तेच! दुपारी मात्र जागा मोकळी होती, म्हणून ती गोळी चालली. रविवारीही मोकळी."

"मग मी गुडघ्याची दुपारी घेऊ का?"

"नाही. या दोघी एकत्र आल्या की पोटाचं आतलं अस्तर सोलवटतं. जळजळ उगाच नव्हती ती. गुडघ्याची गोळी आजपासून बंद. गुडघ्यांसाठी दुसरं, बिनधोक औषध मी देईन, तेही मापात. पट्टा बांधायचा, मांडीचे व्यायाम करायचे. आणि यापुढे कुठलीही गोळी, साधी डोकेदुखीची का असेना, मला विचारून."

 बाहेर पडल्यावर रिक्षाची वाट बघताना रेवती म्हणाली, "दोन मिनिटं गप्प बसली असतीस तर जिंकली असतीस तू."

"हो."

"मला आधी राग आला. आता नाहीये." तिने आईची पर्स आपल्या खांद्याला अडकवली. "मी पण एक करते. तो रोजचा आकडा माझ्या फोनवर नको. डॉक्टर बघतील. मी फोन करेन तेव्हा तू काय जेवलीस ते विचारेन."

पुढच्या गुरुवारी चिकटांक अडतीस आला. शुक्रवारी सदतीस, शनिवारी अडतीस, रविवारी सदतीस. करवतीचे दाते झिजून सरळ रेघ झाली. गुडघ्यांनी पहिले तीन आठवडे छळलं. बाई खुर्चीत बसून मांडीचे व्यायाम करत आणि दिगंबरराव समोर बसून त्यांचे आकडे म्हणत.

पण खरी धमाल पुढे होती. डॉ. यास्मिननी जिल्ह्यातल्या 'औषध टाळणाऱ्या' माणसांची यादी काढली. तीनशे बारा नावं. त्यांनी आलेख एकाखाली एक लावले. शहाण्णव आलेखांना तसेच दाते होते, कुणाचे रविवारी पडणारे, कुणाचे बाजाराच्या सुट्टीला. बाकीच्यांचे काही सतत वर, काही भलतेच वेडेवाकडे. ही सगळी माणसं आळशी, बेफिकीर, खोटारडी म्हणून आपापल्या घरात बसली होती.

योजनेचे संचालक मिरजगावकर यांच्याबरोबरची बैठक पडद्यावर झाली. ते सभ्य गृहस्थ होते, पण त्यांना शेऱ्याचा नियम बदलायचा नव्हता. "मॅडम, चकती चूक करत नाही. आम्ही वीस हजार नमुने तपासलेत."

"चकती चूक करत नाहीच," डॉक्टरांच्या शेजारी बसलेल्या शालनबाई म्हणाल्या. "तिला एवढंच कळतं की गोळी लागू पडली का नाही. माणसाने ती घेतली का नाही, हे तिला कळत नाही. ते तुम्ही तुमच्या मनाने जोडलंत. साहेब, मी बावीस वर्षं पंच आहे. हात खेळाडूला लागला का नाही, हे मी डोळ्यांनी बघून सांगते. तो मुद्दाम चुकवला का, हे सांगायला मी कोण?"

मिरजगावकर पुढे झुकले. "तुमच्याबाबतीत कारण काय निघालं?" त्यांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं, गुडघ्याच्या गोळीपासून अर्जातल्या खोट्या उत्तरापर्यंत सगळं. पडद्यावरच्या सातही चौकटींतली माणसं ऐकत होती. बोलून झाल्यावर मिरजगावकर म्हणाले, "माझी आई लातूरला असते. तिच्या नावापुढे हाच शेरा आहे. मी तिच्याशी दोन महिने नीट बोललेलो नाही." त्यांनी खाली मान घालून काहीतरी टिपून घेतलं. "तिचेही गुडघे दुखतात."

पंधरा दिवसांनी आदेश निघाला. शेरा राज्यभरातून रद्द झाला. आता आकडा चढला की फोनवर आरोपाऐवजी एक प्रश्न यायचा: 'आणखी कोणतं औषध चालू आहे का? वेळ कोणती? आपण भेटू या.' तीन महिन्यांत राज्यातल्या हजारो माणसांचे आकडे खाली उतरले. नुसत्या धाराशिवात त्या काळात योजनेतले मेंदूच्या झटक्याने आणलेले रुग्ण निम्म्यावर आले. वर्तमानपत्रांनी डॉ. यास्मिन तांबोळींचा फोटो छापला. त्यांनी तो केंद्रात न लावता पद्मिन सिस्टरच्या बॅटरीचा फोटो लावला.

पंचांच्या संघटनेकडे बाईंनी अर्ज नव्याने भरून दिला, गुडघे दुखतात असं स्वच्छ लिहून. सचिवांनी त्यांना मैदानावर बोलावून तासभर उभं केलं, चालवलं, वाकवलं आणि म्हणाले, "बाई, पट्टा बांधून या." फेब्रुवारीत अंतिम सामना त्यांनीच केला. शेवटच्या मिनिटाला कोल्हापूरच्या खेळाडूला त्यांनी बाद दिलं तेव्हा अख्खी गॅलरी उठून ओरडली. बाईंचा हात तसाच वर राहिला.

स्पर्धा संपल्यावर त्या यादीच्या कामाला लागल्या. ज्यांच्या आलेखाला दाते नव्हते, आकडा बाराही महिने वरच होता, अशांच्या घरी जाऊन बोलायचं काम डॉ. यास्मिननी त्यांना दिलं. एका बुधवारी त्या पद्मिन सिस्टरबरोबर ढोकीजवळच्या एका वस्तीवर गेल्या. यादीत नाव होतं तुळशीदास साळुंके, वय एकाहत्तर, पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. दीड वर्षापूर्वी झटका येऊन गेलेला. ॲस्पिरिन पोटाला सोसत नव्हती म्हणून दुसरी गोळी चालू, क्लोपिडोग्रेल. चिकटांक सतत सत्तरच्या घरात.

म्हातारा ओट्यावर बसला होता. पांढरा सदरा, नीट भांग पाडलेला. पिशवीतले कागद बघून त्याचा चेहरा कडक झाला.

"पुन्हा आलात का? माझं पोरगं हणमंता गेल्या साली हेच विचारून शेतावर राहायला गेलं. घेत नसशील तर मर म्हणाला."

"अंगदुखीचं, गुडघ्याचं काही औषध?" सिस्टरनी विचारलं.

"काही नाही. गुडघे ठणठणीत आहेत माझे. ही एकच गोळी."

शालनबाई त्याच्या शेजारी ओट्यावर बसल्या. त्यांनी वही उघडली. "तुळशीदासदादा, ही गोळी रोज घेता?"

"रोज घेतो."

"बरं," बाई म्हणाल्या आणि वहीत लिहिलं.

तो पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिला. पाकिटं दाखवा, कोणी बघितलं, किती वाजता, खरं सांगा. प्रश्न आलाच नाही.

"काय लिहिलंत?"

"रोज घेतात, असं लिहिलं."

"एवढंच?"

"तुम्ही सांगितलंत ते लिहिलं. आता पुढचं ऐका. ही गोळी पोटात जाते तेव्हा झोपलेली असते. आपलं यकृत तिला जागी करतं, मगच ती काम करते. काही माणसांच्या यकृताला तिला जागं करता येत नाही. जन्मापासूनच तसं. त्यांनी रोज काय, दिवसातून दहा वेळा घेतली तरी आकडा हलत नाही. तुमचं तसं असेल. सिस्टर आत्ता गालाच्या आतून कापसाने नमुना घेतील. तसं निघालं तर डॉक्टर दुसरी गोळी देतील, जी आधीच जागी असते. तोवर ही बंद करायची नाही."

म्हातारा कितीतरी वेळ वहीकडे बघत होता. त्याला वाचता येत होतं. तो ओळ बोटाने जुळवत गेला.

"पेननं लिहिलंय," तो म्हणाला.

"पेननं."

"खोडता येत नाही."

"नाही येत."

तुळशीदास उठला. ओट्याच्या कडेशी जाऊन त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले. दीड वर्षापूर्वी ज्याचा अर्धा चेहरा लुळा पडला होता, त्या माणसाने शेतापर्यंत पोचेल अशी हाक मारली. "हणमंता! ए हणमंता! इकडं ये! बाईंनी लिहून घेतलंय!"

ज्वारीच्या ताटांमधून एक माणूस उभा राहिला. त्याने डोक्याचा टॉवेल काढला, क्षणभर तिथेच थबकला आणि मग वस्तीच्या दिशेने चालू लागला. अर्ध्या वाटेवर आल्यावर तो पळायलाच लागला.